वीतभर मातीचा दाखला

मातीबाई हे नाव तिला पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही. पण ते इतकं चिकटलं की ऑफिसच्या पत्त्यावर येणाऱ्या पाकिटावरही कधीकधी तेवढंच लिहिलेलं असायचं आणि पोस्टमन ते न विचारता तिच्याच टेबलावर ठेवायचा.

ऑफिस म्हणजे भाजीबाजाराच्या मागच्या अंगाला, बियाण्यांच्या गोदामाला खेटून असलेल्या दोन खोल्या. दारावर पाटी, 'माती व पाणी तपासणी'. पुढच्या खोलीत एक टेबल, एक रजिस्टर आणि भिंतभर लोखंडी मांडणी. मांडणीवर कापडी पिशव्या, प्रत्येकीच्या तोंडाशी दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. मागच्या खोलीत काचेची भांडी, तराजू, भट्टी आणि माती पाण्यात घुसळणारं एक यंत्र. ते सुरू झालं की पलीकडचा हमाल भिंतीवर थाप मारायचा. त्याचं म्हणणं, पोती मोजताना आकडा चुकतो.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती इथे आली तेव्हा बावीस वर्षांची होती. साहेबांनी पहिल्या दिवशी तिच्या हातात लाकडी हातोडी दिली आणि म्हणाले, "ढेकळं फोडा." तिला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. माती आधी सावलीत वर्तमानपत्रावर पसरून वाळवायची, मग लाकडानेच फोडायची, कारण लोखंडाचा कण मिसळला की पुढचं सगळं वाया. मग चाळायची, तोलायची, आणि तेव्हा कुठे बाटल्यांची पाळी. वर्षभरात तिला त्या कामाची गोडी लागली. पापण्यांवर धूळ बसायची, नखं कधी स्वच्छ निघायची नाहीत, पण पिशवी उघडल्याबरोबर ही नदीकाठची, ही टेकडीखालची, हे ती न वाचता सांगायची आणि दहात नऊ वेळा बरोबर निघायचं.

लग्न झालं तेही मातीतल्याच घरात. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. सासऱ्यांची गावाच्या कडेला चार एकरांची संत्र्याची बाग, आणि बागेच्या तोंडाशी घर. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे घरात तिघंच, आणि तिघांत बोलणारे दोघं, सासरे आणि सून. नवरा जेवताना ऐकायचा आणि अधूनमधून पाणी मागायचा.

सासऱ्यांची माती तपासायची पद्धत वेगळी होती. चिमूटभर उचलायची, बोटांत चोळायची, हुंगायची आणि जिभेच्या टोकावर ठेवून थुंकायची. थुंकल्यावर क्षणभर डोळे मिटून उभे राहायचे. मग निकाल. "आंबली आहे." "भुकेली आहे." "हिला झोपू द्या एक हंगाम." आजूबाजूचे बागाईतदार त्यांना विचारायला यायचे, आणि ते कुणाला नाही म्हणायचे नाहीत.

"तुझ्या यंत्राला जीभ आहे का?" ते सुनेला विचारायचे.

"जीभ नाही म्हणून तर खोटं बोलत नाही, बाबा."

"आणि खरं तरी कुठे बोलतं? नुसतं आकडे ओकतं."

हे रोजचंच होतं. त्यात राग नव्हता. पण कितीही हसून म्हटलं तरी रोज एकच काटा एकाच जागी टोचला की तिथे घट्टा तरी पडतो नाहीतर जखम तरी होते. तिला काय झालं होतं ते तिचं तिलाच नीट माहीत नव्हतं.

नोकरीला बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एक टोमॅटोवाले काका ऑफिसात आले. जाडजूड, घाम पुसत आलेले, पण चेहऱ्यावर शिकार साधल्याचं समाधान. त्यांनी तपासणीचे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"बाई, ही दोन्ही माती एकाच घमेल्यातली. मीच कालवली. एक पिशवी माझ्या नावाने दिली, एक मेहुण्याच्या. माझ्या कागदावर पालाश 'कमी' आणि मेहुण्याच्या कागदावर 'मध्यम'. आता मला एवढंच सांगा, एकाच घमेल्यात मेहुण्याची माती माझ्यापेक्षा श्रीमंत कशी झाली?"

बाकड्यावर पाच-सहा जण बसले होते. सगळे हसले. साहेब आतून आले आणि ही ऑफिसची फसवणूक आहे, असं काहीतरी मोठ्या आवाजात म्हणाले. काका म्हणाले, "फसवणूक कुणी कुणाची केली तेच विचारायला आलोय."

मातीबाईने दोन्ही कागद उचलले. आकडे पाहिले. एकात एकशे एकोणीस, दुसऱ्यात एकशे बावीस.

"काका, दोन्ही आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "एकच माती दोनदा तोलली तर एवढा फरक पडतोच. पण आमची रेघ एकशे वीसवर आहे. तिच्या अलीकडे 'कमी', पलीकडे 'मध्यम'. परीक्षेत चौतीसवाला नापास आणि छत्तीसवाला पास. दोघांच्या डोक्यात काय मोठा फरक असतो?"

"मग शब्द कशाला छापता? आकडाच द्या आणि हे नीट समजावून सांगा."

तिने दोन्ही कागद काकांकडे परत सरकवले. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवले आणि जाताना म्हणाले, "तुमच्यावर राग नाही, बाई. तुम्ही निदान बोललात."

संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासरे ओट्यावर पाय सोडून बसले होते.

"आज म्हणे एका घमेल्याने तुमच्या ऑफिसची परीक्षा घेतली."

एरवी ती काहीतरी तोडीस तोड बोलली असती. त्या दिवशी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही हसा. सगळं गाव हसतंय, त्यात तुम्ही. पण इतक्या वर्षांत एकदा तरी आपली माती मला दिलीत का तपासायला? लांबलांबचे लोक देतात. घरातले नाही देत."

सासऱ्यांनी सोडलेले पाय वर घेतले. नवऱ्याने आतून पाणी मागितलं नाही.

तीन दिवसांनी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर एक पिशवी होती. सासरे दाराशी उभे राहून म्हणाले, "खालच्या तुकड्यातली आहे. तिथे भाजी करून कंटाळलो. संत्री लावावी म्हणतो. विचार तुझ्या यंत्राला, लावू का?"

पिशवी बघून तिला बरं वाटलं आणि हसूही आलं. सगळी माती एका जागची, बांधाशेजारची होती. "अशी नाही घेत, बाबा. चला, मी दाखवते." आणि ती सुट्टीच्या दिवशी स्वतः तुकड्यात उतरली. पुढे ती, मागे घमेलं धरून सासरे. नागमोडी चालत बारा ठिकाणं निवडली. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल खळगा केला, त्याच्या भिंतीवरून लाकडी पट्टीने वरपासून खालपर्यंत माती खरवडली. बांध टाळला, खताच्या ढिगाची जागा टाळली, पाण्याची चर टाळली. सगळी माती कालवून तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेल्याचे पुन्हा चार केले, असं करत शेवटी ओंजळभर ठेवली.

"एवढी टाकून द्यायची होती तर खरवडली कशाला?" सासरे म्हणाले. पण घमेलं मात्र त्यांनी शेवटपर्यंत सरळ धरलं.

निकाल फार चांगला आला. माती ना आंबट ना खारी, कुजलेला पाला भरपूर, फक्त मुळं धरायला लागतं ते स्फुरद कमी. तिने तो कागद टाइप न करता स्वतःच्या अक्षरात लिहिला. खाली शिफारस लिहिली, स्फुरद इतकं, शेणखत नेहमीच्या निम्मं पुरे. आणि शेवटी, 'फळबागेला योग्य'. सही केली.

सासऱ्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि घराचे कागद ठेवायच्या पत्र्याच्या पेटीत टाकला. त्याच हंगामात खालच्या तुकड्यात संत्र्याची नव्वद झाडं लागली.

झाडं उत्तम वाढली. पाचव्या वर्षी फळ धरलं. सासरे कुणी पाहुणा आला की आधी खालच्या तुकड्यात न्यायचे, मग घरात. "सुनेच्या कागदावरची बाग," म्हणायचे, आणि ते कौतुक की टोमणा हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

सातव्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली. जुनी पानं हिरवी, नवी पालवी मात्र पिवळी, आणि पिवळ्यात शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कुणी हिरव्या शाईने रेघा मारल्यात. बागाईतदार याला केवडा पडला म्हणतात. औषधवाल्याने फवारा दिला. पंधरा दिवस पानं हिरवी राहिली, सोळाव्या दिवशी पुन्हा पिवळी. आठव्या वर्षी शेंडे वाळायला लागले. फळं लिंबाएवढी होऊन थांबायची.

मातीबाईने पुन्हा माती घेतली. तशीच नागमोडी, तशीच बारा ठिकाणं, तशीच वीतभर. निकाल जवळपास तोच, स्फुरद फक्त कमीचं भरपूर झालं होतं. म्हणजे माती ठणठणीत आणि झाड आजारी. तिने भांडी स्वतः धुतली, रसायनं नवी काढली आणि तीन वेळा तपासणी केली. तिन्ही वेळा तेच.

ते दिवस तिला फार वाईट गेले. ऑफिसात पिशव्या येतच होत्या. ती फोडत होती, चाळत होती, कागद लिहीत होती. पण सही करताना हात अडायचा. हा कागद घेऊन जाणारा माणूस घरी जाऊन काय करणार? न वाचता खुंटीला लावणार असेल तर बरंच, असंही तिला एकदा वाटलं, आणि वाटलं याचीच भीती वाटली. कपाटाच्या खालच्या फळीवर कुणीच न्यायला न आलेल्या कागदांचे दोन गठ्ठे होते. आतापर्यंत तिला त्या लोकांचा राग यायचा. आता वाटलं, त्यांचंच बरोबर असेल तर?

एकदा सासरे औषधाच्या गोळ्या घरी विसरले म्हणून ती दुपारी फळं भरायच्या शेडवर गेली. आत तीन-चार जण खोकी ठोकत होते. दाराच्या बाहेरच तिला शेजारच्या बागवाल्याचा आवाज ऐकू आला.

"घरात तपासणीवाली असून ही गत? मग सून दिवसभर तपासते तरी काय?"

सासरे म्हणाले, "तिच्या तपासणीचा इथे काय संबंध? पाणी जास्त झालं. म्हातारा झालो, हात सैल सुटतो. माझंच चुकलं."

ती तिथेच थांबली. पाणी जास्त झालेलं नव्हतं. पाण्याच्या बाबतीत सासरे असे चिक्कू की घरच्या बादलीतलं उरलेलंसुद्धा कुंडीत ओतायचे, आणि खालच्या तुकड्याचं पाणी तर नवऱ्याने घड्याळाला जोडलं होतं. ते आपल्या आपण सुटायचं आणि बंद व्हायचं. पन्नास वर्षं ज्यांची जीभ गावाने प्रमाण मानली, ते चारचौघांत स्वतःला नालायक म्हणवून घेत होते, सुनेच्या सहीवर डाग नको म्हणून.

गोळ्या तिने बाहेरच्या खोक्यावर ठेवल्या आणि परत फिरली.

घरी येऊन तिने पत्र्याची पेटी उघडली. तिचा कागद सगळ्यात वर होता. घड्यांवर फाटायला आलेला, म्हणजे कितीदा तरी उघडलेला. प्रत्येक शिफारशीपुढे पेन्सिलीची बरोबरची खूण आणि तारीख, वर्षामागून वर्ष. स्फुरद दिलं, खूण. शेणखत निम्मं केलं, खूण. ज्या माणसाने आयुष्यभर आकड्यांची टिंगल केली त्याने तिच्या कागदातलं अक्षरही चुकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, "बाबा, पाणी जास्त झालेलं नाही."

त्यांनी बशी खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुला?"

"मी शेडच्या दाराशी होते. आणि पेटीतला कागदही पाहिला. सगळं तसंच्या तसं केलंत तुम्ही."

"मग? अर्धं करायचं होतं?"

"तोंडाने तर रोज चेष्टा करायचात."

"चेष्टा घरातली गोष्ट आहे," सासरे म्हणाले. "तू वीस वर्षं एका कामाला वाहून घेतलंस. ते वाऱ्यावर सोडून माझ्याच जिभेवर चालायचं, तर तुला घरात आणलं कशाला?"

ती त्यांच्यासमोर बसली. मग म्हणाली, "मला खणायचंय. वीतभर नाही. मुळं जातात तिथवर."

पुढच्या सुट्टीला तिघं खालच्या तुकड्यात गेली. सगळ्यात पिवळ्या झाडापासून दोन हातांवर नवऱ्याने कुदळ मारली. पहिला दीड फूट माती काळी, मऊ, भुसभुशीत. कुदळ लोण्यात गेल्यासारखी जात होती. दीड फुटाखाली आवाज बदलला. त्याने कुदळ टाकून पहार घेतली. पहार खणखणली. बाहेर आली ती माती राखेसारखी फिकट, आणि तिच्यात पांढरे, ओबडधोबड, बोटाएवढे तुकडे.

कंबरभर खड्डा झाल्यावर ती आत उतरली. भिंतीत मुळं दिसत होती. वरून सरळ खाली आलेली, आणि पांढऱ्या थराशी येऊन आडवी वळलेली, जसा आंधळा भिंत लागल्यावर हात लावत लावत बाजूला चालतो. काही तिथेच काळी पडून कुजली होती.

तिने ऑफिसातून सौम्य आम्लाची छोटी बाटली आणली होती. वरच्या काळ्या मातीवर चार थेंब टाकले. काही झालं नाही. गुडघ्याच्या उंचीवर पांढऱ्या थरावर चार थेंब टाकले. तिथे लगेच फेस आला, साबणासारखा, आणि चुरचुर असा बारीक आवाज. सासरे काठावर ओणवे झाले.

"हे काय आहे?"

"चुनखडी, बाबा. नुसता चुना आहे खाली. मुळं इथवर येईपर्यंत झाड खुशीत वाढलं. इथे आल्यावर त्याला लोह उचलता येईना. जमिनीत आहे, पण चुन्याने धरून ठेवलंय. म्हणून पालवी पिवळी. आणि मी वरून स्फुरद घालायला लावलं, शेणखत निम्मं करायला लावलं. त्याने अजून बिघडलं."

सासरे काठावरच खाली बसले. त्यांनी बाहेर पडलेल्या मातीतला एक पांढरा खडा हातात घेतला.

"माझा बाप म्हणायचा, त्या तुकड्याला खाली हाडं आहेत, तिथे झाड लावू नकोस. मी लहान होतो. मला वाटायचं, कुणाला तरी पुरलंय. संध्याकाळी मी इकडे यायचोच नाही. मोठा झाल्यावर वाटलं, म्हातारा घाबरवत होता. आणि ही वरची काळी माती इथली नाहीच. तळं आटलं होतं तेव्हा त्याने गाळ आणून टाकला. किती गाड्या आणल्या ते आठवत नाही, पण दोन उन्हाळे तेच काम चाललं होतं."

मातीबाई खड्ड्यातून वर बघत राहिली. तिने बारा ठिकाणांहून, नागमोडी चालत, बांध टाळून, इतक्या निगुतीने खरवडली ती सगळी तळ्याची माती होती. तिने तळं तपासलं होतं.

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. "आणि तुझ्या कागदावर 'योग्य' लिहून आलं. मला वाटलं, बापाची गोष्ट ती गोष्ट, ही तर सही आहे."

ती खड्ड्याच्या कडेला टेकली. हात मातीने भरलेले होते म्हणून डोळेही पुसता येईनात. म्हणाली, "बाबा, मी माती खाल्ली."

"मी पन्नास वर्षं खातोय," सासरे म्हणाले. "तुला आज चव कळली एवढंच. चल, वर ये."

नवऱ्याने हात देऊन तिला वर ओढलं. त्या दिवशी त्यांनी तुकड्यात अजून पाच खड्डे घेतले. चुनखडी सगळीकडे सारखी नव्हती. ओढ्याच्या बाजूला दीड फुटावर, वरच्या बाजूला तीन फुटांच्याही खाली. ओढ्याकडची अडतीस झाडं काढून टाकावी लागली. ती काढताना सासरे तिथे थांबले नाहीत, काहीतरी निमित्त काढून गावात गेले. उरलेल्या झाडांभोवती चर खणून शेणखत आणि गंधक भरलं, ओळींमध्ये ताग पेरून तो फुलायच्या आत जमिनीत गाडला, स्फुरद बंद केलं. दोन वर्षांनी पालवी हिरवी यायला लागली. वरच्या जुन्या बागेसारखी ती झाडं कधीच झाली नाहीत, पण उभी राहिली. मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा भाजी सुरू झाली, आणि ती मात्र अशी यायची की बघत राहावं. तळ्याची माती ती.

ऑफिसात तिने साहेबांसमोर कागद ठेवला. पिशवी घेताना रजिस्टरमध्ये नाव, गाव आणि पीक एवढंच लिहून घेत होते. तिला आणखी विचारायचं होतं, इथे आधी काय होतं, कुणी बाहेरून माती आणून टाकली आहे का, घरातलं म्हातारं माणूस या जमिनीबद्दल काय म्हणतं. आणि झाडं लावायची असतील तर एक पिशवी नाही, तीन. वीतभरावरची, दोन फुटांवरची, तीन फुटांवरची.

साहेब म्हणाले, "लोक एक पिशवी आणताना कुरकुरतात. तुम्ही तीन म्हटलं तर एकही येणार नाही. आणि म्हाताऱ्यांचं म्हणणं कोणत्या रकान्यात लिहायचं?"

"रकाना मी आखते," ती म्हणाली.

छापील कागद बदलायला चौदा महिने लागले. तोवर ती प्रत्येक कागदाच्या पाठीमागे हाताने लिहीत राहिली. 'कमी', 'मध्यम' या शब्दांच्या शेजारी आकडाही मोठा लिहायची आणि माणूस समोर असेल तर रेघ कुठे आहे ते सांगायची. साहेबांचं भाकीत अर्धं खरं झालं. पिशव्या कमी झाल्या. पण कपाटाच्या खालच्या फळीवरचे गठ्ठेही वाढायचे थांबले, कारण ज्याने तीन फूट खणलं तो निकाल न्यायला येतोच.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ती ऑफिसच्या मागच्या अंगणात माती कशी घ्यायची ते दाखवायला लागली. सासरे काठी टेकत यायचे आणि खुर्चीवर बसायचे. पहिल्याच गुरुवारी तिने स्वतःची चूक सगळ्यांना सांगायची ठरवली होती. उभी राहिली, आणि हातातली लाकडी पट्टी पुसतच राहिली. तेव्हा सासरेच खुर्चीतून म्हणाले, "ही माझी सून. हिने माती बरोबर तपासली आणि सल्ला चुकीचा दिला. दोन्ही कसं झालं ते ती सांगेल. ऐका, तुमच्या कामाचं आहे."

मग तिला सांगता आलं. लोक हसले नाहीत. उलट मागे उभा असलेला एकजण म्हणाला, त्याच्या चुलत्यानेही विहिरीचा मुरूम पसरून वर माती ओढली होती, आणि आता त्याला रात्रभर झोप लागणार नाही. त्यावर मात्र सगळे हसले.

तपासणीचा खरंच उपयोग होतो का, हे तिला लोक अजून विचारतात. लग्नकार्यात विचारतात, बसमध्ये विचारतात. ती हो किंवा नाही म्हणत नाही. म्हणते, "तुम्हाला काय विचारायचंय त्यावर आहे. माती विचारलेल्याचंच उत्तर देते."

गेल्या वर्षी एक नवरा-बायको आले. नोकऱ्या सोडून नवी जमीन घेतलेली, तीनशे डाळिंबं लावायची ठरलेली, रोपं सांगून ठेवलेली. तीन पिशव्या मागितल्यावर नवरा वैतागला, पण बायको म्हणाली, खणून बघू. तिसरी पिशवी त्यांना भरताच आली नाही. सव्वा फुटावर खडक लागला. मातीबाई स्वतः बघायला गेली. चार ठिकाणी पहार मारली, चारही ठिकाणी ठणठण.

"इथे झाड नको," तिने सांगितलं.

बायको खड्ड्याच्या काठावर बसली. "घरच्यांशी भांडून आलोय आम्ही. तीनशे झाडं लावणार म्हणून सगळ्यांना सांगितलंय."

ही काय अवस्था असते ते मातीबाईला कुणी शिकवायला नको होतं. ती तिच्या शेजारी बसली. दुपार डोक्यावर येईपर्यंत तिघं तिथेच बोलत होती, उथळ मातीत काय येतं, पाला किती वर्षं घालावा लागेल, ओढ्याकडच्या कोपऱ्यात अजून कुणी पहार मारली नाही ती मारून बघायची का. निघताना नवऱ्याने पहार स्वतःच्या हातात घेतली.

महिन्याभराने ती बाई एकटीच ऑफिसात आली आणि टेबलावर तीन पिशव्या ठेवल्या. कोपऱ्यातल्या होत्या. तिथे चार फुटांपर्यंत खडक नव्हता. निकाल बघून त्यांनी तीनशेऐवजी चाळीस डाळिंबं लावली, बाकी जमिनीत वांगी आणि मिरची. पहिलं रोप लावायला त्यांनी मातीबाईला आग्रहाने बोलावलं होतं. तिला जाता आलं नाही. त्या दिवशी बासष्ट पिशव्या आल्या होत्या, आणि प्रत्येकाला विचारून लिहून घ्यायचं म्हणजे वेळ लागतोच.